बडीशेपेच्या सावलीतले मामू

माणसं आंब्याच्या सावलीत बसतात, लिंबाच्या सावलीत बसतात. पण बडीशेपेच्या सावलीत बसणारा माणूस उभ्या नांदेडात एकच, आमचे शेजारचे मामू. त्या पिसासारख्या पानांची सावली ती केवढी, चाळणीतून सांडलेल्या पिठाएवढी. तरी हे निवृत्त टेलर रोज सकाळी तिच्यात पाट टाकून बसत आणि तो मंद गोड वास डोळे मिटून घेत राहत. जन्मभर शेरवान्या शिवलेल्या, त्यामुळे झाडाची उंचीही टेपनंच मोजायची. "कमरेला आली, आता छातीला येती बघा," असं मला कौतुकानं सांगायचे. उन्हाळ्यात सारी गल्ली टँकरची वाट बघत असताना मामूंनी त्या झाडावर मलमलीच्या अस्तराचा मांडव घातला होता. पानाला कुणी हात लावलेला खपत नसे. एकदा मी सहज एक डहाळी चुरगाळून हुंगली, तर आठवडाभर माझ्या सलामाला उत्तर मिळालं नाही.

हा सगळा लाड मुमानींसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी होता. मोठ्या तापातून उठल्यापासून मुमानींच्या तोंडाची चवच गेली होती. भाकर मातीसारखी लागते म्हणायच्या, दोन घासांत ताट सरकवायच्या आणि वाळत चालल्या होत्या. लहानपणी माहेरी, बिलोलीला, त्या ओली बडीशेप आवडीनं खायच्या. म्हणून दाणे भरले की भूक परत येईल, असं मामूंनी मनाशी धरलं होतं. झाडाला तर अजून फुलंही नव्हती. मामू वरून निवांत दिसत, पण आतून फार घाबरले होते.

अशात माझ्या बायकोनं आमच्या बाजूला भिंतीलगत उगवलेला शेपू कापला, मुगाची डाळ घालून भाजी केली आणि नेहमीसारखी वाटीभर शेजारी दिली. संध्याकाळी मामू रिकामी वाटी घेऊन दारात.

"भाभी, हे शेपू कोणत्या बाजारातलं हाय? आमच्या घरच्यांनी आज भाकर मागून खाल्ली."

बायकोनं भिंतीलगतचे उरलेले कोंब दाखवले. मामूंनी एक पान चोळून हुंगलं आणि खालीच बसले. तो शेपू नव्हताच, तशाच पानांची बडीशेप होती. पेरताना उडालेलं त्यांचंच बी आमच्याकडे रुजलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेरवानीची कात्री आणली आणि आपलं झाड बुंध्यापासून कापायला घेतलं. मला राहवलं नाही. "मामू, दाण्यांचं काय?"

"दाण्याला अजून लई वेळ हाय," ते कापता कापता म्हणाले, "अन् ती आज जेवून राहिली."

बुंध्यातून पुन्हा फुटवे येतील, हे मलाही ठाऊक आहे. तरी मांडवाखालच्या त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं की मला भरून येतं.