एका हाताचे दोन कागद

रक्ताचा रिपोर्ट माझ्या हाती देण्याआधी भाऊ म्हणायचे, "थांबा, अजून एकदा पाहू द्या." पुसदच्या त्या लॅबमध्ये मी रिपोर्ट टाइप करायचे आणि भाऊ रक्त तपासायचे; सगळेच त्यांना भाऊ म्हणत. तुमच्याही ओळखीत असा माणूस असेल, घरून निघताना कुलूप तीनदा ओढून पाहणारा. भाऊ पाचदा ओढत.

कापसाचे ते वाईट दिवस होते. फवारणी वाढली होती, तरी बोंडं अळ्याच खात होत्या. वेचणीच्या दिवसांत एका सकाळी जवळच्या तांड्यावरची एक बाई आली. कडेवर अंगावर पिणारी मुलगी. बाईच्या अंगात रक्त फारच कमी निघालं. भाऊंनी दोनदा पाहिलं, मग काय खाता म्हणून विचारलं.

"भात अन् मीठ," ती म्हणाली.

हातांना खाज सुटायची म्हणून ती पुसदमध्येच दर रविवारी भरणाऱ्या एका शिबिरात गेली होती. तिथे एक गृहस्थ हातात पितळी दांडी धरायला देत, यंत्र कुंई करी आणि अंगाला न चालणाऱ्या पदार्थांची छापील यादी बाहेर येई. हिच्या यादीत ज्वारी, तूर, शेंगदाणे, दूध, पालेभाज्या. दोन महिने तिने ती पाळली. खाज होती तशीच होती. अंगावरचं दूध मात्र आटत चाललं होतं.

त्या रविवारी भाऊ मला घेऊन शिबिरात गेले. त्यांनी दांडी धरली. यादी आली: गहू, वांगी, केळी. बाहेर चहा प्यायलो. मग टोपी घालून, दुसरं नाव सांगून ते पुन्हा रांगेत उभे राहिले. या वेळी गहू सुटला होता आणि मासे आले होते.

"मासे मी जन्मात खाल्ले नाही," भाऊ गंभीरपणे म्हणाले. "तरी सोडून देतो."

बाईला निरोप धाडून बोलावलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून भाऊंनी दोन्ही कागद वाचून दाखवले. यातला खरा कोणता, असं तिने विचारलं.

"दोन्ही माह्याच हाताचे आहेत, बाई. एका तासात काढले."



"मंग मी दोन महिने उपाशी कायले राह्यले, भाऊ?"

 भाऊ स्वतः तिला कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी आधी शेताची चौकशी केली. फवारलेल्या कपाशीत ती उघड्या हातांनी वेचत होती.

दोन्ही कागद भाऊंनी लॅबच्या भिंतीवर लावले. शिबिराचा हॉल आमच्या मालकांचाच होता. मालकांनी कागद काढले, भाऊंनी झेरॉक्स लावल्या. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मालकांनी भाऊंनाच काढलं. ते उमरखेडच्या एका लॅबमध्ये लागले. शिबिर पुढेही भरत राहिलं. तिथूनच यादी आणलेल्या मालकीणबाई अजून वांगं खात नाहीत.

होळीच्या सुमारास ती बाई आली. हात स्वच्छ होते, पोर चांगली जड झाली होती. तिने फडक्यात भाऊंसाठी ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. भाऊ इथे नाहीत, हे मी सांगितलं.

ती बाकावर बसली. फडकं सोडून अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली, अर्धी स्वतः खाल्ली. मग उमरखेडकडे कोणी जाणारं आहे का, असं विचारत उरलेल्या दोन तिने पुन्हा नीट बांधल्या.