सरदाराचं मीठ

गोष्ट ऐन रंगात आली की मामा गुडघ्यांवर तळवे टेकून उठायचे आणि म्हणायचे, "निधान. लढाई अजून हाय." निधान म्हणजे कन्नडात सावकाश. थोडक्यात, आता घरी जा, उरलेलं पुढच्या दसऱ्याला.

मामा आमच्या गल्लीतले शिंपी. दसऱ्यात म्हैसूरला घरोघर पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात, गोंबे. इतरांकडे देवादिक आणि लग्नाच्या वराती. मामांच्या पायऱ्यांवर जपान, आणि त्याचीच गोष्ट ते आम्हा पोरांना सांगायचे. वाचनालयातल्या एका कन्नड पुस्तकात त्यांना जुन्या काळचा एक सरदार भेटला होता. मठात वाढलेला धाकटा मुलगा, बघता बघता मुलखाचा धनी झाला आणि शेजारच्या बलाढ्य घराण्याशी एकाच नदीकाठी पुन्हा पुन्हा लढत राहिला. पण त्याच शत्रूच्या मुलखात जाणारं मीठ इतरांनी अडवलं, तेव्हा ह्यानं आपल्याकडचं मीठ त्याला पाठवलं. हे मामांनी एकदा बोलून टाकलं होतं. मांडलं मात्र कधी नाही.

सरदाराचं चिलखत कोटाच्या अस्तराचं, त्यावर शर्टाची बटणं. आणि शत्रूचं अख्खं सैन्य शाळेच्या मरून गणवेशाच्या कापडात. हे गणवेश हुणसूरच्या एका मोठ्या दुकानात शिवले जायचे, आणि ते दुकान मामांच्या थोरल्या भावाचं. वाटणीवरून दोघं कधीचे बोलेनासे झाले होते. आता शत्रू कोण, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

आम्ही दरवर्षी विचारायचो, मामा, मीठ कधी? ते आमच्या हातात उसळीचा द्रोण ठेवून विषय बदलायचे. इतका हट्टी माणूस की मला त्यांचा रागही यायचा.

एका दसऱ्याला थोरल्या भावाची बायको बाहुल्या बघायला आली. मरून सैन्य पाहून तोंडाला पदर लावून हसली आणि फोनवर फोटो काढून घेऊन गेली. मग हुणसूरहून थोरल्यांचा निरोप आला : आमच्या सैन्याच्या कॉलरी नीट बसलेल्या नाहीत. आम्हाला वाटलं, आता भडका उडणार. मामांनी चष्मा चढवला, एकेक शिपाई खाली उतरवला आणि सगळ्या कॉलरी उसवून पुन्हा शिवल्या. चेहरा मात्र उजळला होता. मामी म्हणाली, आता तरी जाऊन या, हुणसूरची बस दारावरून जाते.

"सुम्ने, उगाच कशाला जायचं?" मामा म्हणाले. "पुढच्या दसऱ्याला मीठ मांडतो. तवा त्यालाच बोलावतो."

श्रावणात भाऊ गेला.

सुतकाचं वर्ष, सण नव्हता. रीत मोडू नये म्हणून मामीनं लाकडी राजाराणीची जोडी तेवढी मांडली होती. संध्याकाळी मी डोकावलो. जोडीच्या बाजूला मामांनी सरदाराला बसवलं होतं, एकट्यालाच, पुढ्यात जेवणाचं ताट. मी काही विचारलं नव्हतं, तरी ते सांगू लागले. शत्रू वारल्याची बातमी सरदाराला जेवताना कळली. हातातला घास त्यानं खाली ठेवला आणि तो ढसाढसा रडला.

मामा ताट सारखं करत राहिले.

"त्यानं मीठ तरी पाठवलं होतं, अल्वा, खरं ना?" ते म्हणाले. "मी ते पण नाही पाठवलं."

आतून मामीनं जेवायला हाक मारली. मामा उठले नाहीत.