पंधरा तारखेची थर्ड शिफ्ट

कॉलेजचे पहिले दिवस म्हटलं की लोक कसे खुलतात. मला अजून चीड येते. ती कुणावर यायची, हे मात्र वयाबरोबर बदलत गेलं.

आम्ही पिंपरीला राहायचो, कामगारांच्या चाळीत, दोन खोल्यांत. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, कंपनीत टर्नर होते. नगर जिल्ह्यातलं गाव सोडून आलेला माणूस. शहर म्हणजे काय ते त्यांना कंपनीनंच शिकवलं, त्यामुळे जगात सगळीकडे कंपनीसारखंच चालत असणार अशी त्यांची पक्की समजूत होती. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, पुढचा सेकंड, मग थर्ड. घरही त्यावरच चालायचं. कुणाच्या लग्नाचं बोलावणं आलं तरी आई आधी विचारायची, "तवा कुटली शिफ्ट हाय?" थर्ड असली की दिवसभर आम्ही पाय न वाजवता चालायचो आणि भांडी बाहेर नेऊन घासायचो.

मॅट्रिकला मला सायन्समध्ये चांगले मार्क पडले होते. आमच्या रस्त्यावर औषधांची एक कंपनी होती. तिच्या लॅबोरेटरीतल्या बायका दुपारी पांढरे कोट घालून फाटकापाशी उभ्या दिसायच्या. मला तो कोट हवा होता. दुसरं काही नको होतं. हे मी फक्त आईला सांगितलं होतं.

अॅडमिशनच्या दिवशी मी तापानं फणफणले होते. आबा म्हणाले, "तू पडून ऱ्हा. मी जातो. एवढं काय त्यात?" पुण्याला गेले, रांगेत उभे राहिले, इंग्रजी फॉर्म तिथल्या क्लार्ककडूनच भरून घेतला आणि संध्याकाळी पेढे घेऊन आले. चाळीत दारोदार सांगितलं, मी स्वतः जाऊन नंबर लावून आलो म्हणून. मलाही तेव्हा बरंच वाटलं.

पहिल्या दिवशी पावणेसहाची बस पकडून, दापोडीचा पूल ओलांडून, धावतपळत मी वर्गात पोचले. सर आले आणि त्यांनी फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे नावे, उजवीकडे जमा. मला वाटलं वर्ग चुकला. शेजारच्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "अगं, कॉमर्सचाच वर्ग आहे हा. सकाळी कॉमर्सच असतं. सायन्स दुपारी."

घरी येऊन आबांना विचारलं, फॉर्म भरताना काय सांगितलंत? ते शांतपणे म्हणाले, "त्यांनी इचारलं सकाळचं का दुपारचं. मी म्हटलं, फर्स्ट शिफ्ट द्या. मुलगी हाय, उजेडी घरला यील."

"आबा, सकाळी कॉमर्स असतं. मला सायन्स पाहिजे होतं."

"मग सोमवारी बदलंल की शिफ्ट," आबा म्हणाले. "सारखी सारखी एकच कशी देतील कुणाला?"

मी कपाळावर हात मारून घेतला. समजावून सांगितलं, पण त्यांना ते पटेना. आणि खरोखर ते सोमवारची वाट बघत राहिले. मी मात्र आठवडाभर त्या वर्गात बसून नुसती धुमसत होते. बाकीच्या मुली कँटीन शोधत होत्या, मैत्रिणी जोडत होत्या. एकीनं विचारलं, "पिंपरी? तिकडे राहतात लोक? मला वाटलं नुसते कारखानेच आहेत." एरवी मी तिला सोडली नसती. पण माझं डोकंच ठिकाणावर नव्हतं. मधल्या सुट्टीत मी जिना चढून वर जायचे आणि बंद लॅबच्या काचेतून आतल्या बाटल्या बघत उभी राहायचे.

सोमवार आला आणि काहीही बदललं नाही. मग आबांनी शिफ्टचं नाव काढणं सोडलं. त्या दिवशी त्यांना कळलं असणार. पण पेढे वाटून झाले होते, आणि आपल्या हातून चूक झाली हे लेकीसमोर कबूल करायचं म्हणजे त्यांच्या जिवावर आलं. मी ऑफिसात चौकशी करून आले. क्लार्क म्हणाला, सायन्सला दोन-तीन जागा आहेत, पालकांनी समोर येऊन अर्ज करायचा, पंधरा तारखेपर्यंत. मी रोज आबांच्या मागे लागायचे. "बघू," ते म्हणायचे. कधी सुपरवायझर रजा देत नाही, कधी सायकल पंक्चर. मला तर रडूच यायचं. आईपुढे मी ताट ढकलून दिलं, तेव्हा कुठे ते म्हणाले, "बरं. पंधराची ड्यूटी झाली की येतो थेट."

त्या आठवड्यात त्यांची थर्ड शिफ्ट होती, रात्री अकरा ते सकाळी सात. पंधराला मी सगळे तास सोडून ऑफिसच्या खिडकीशी उभी. ऑफिस आठला उघडलं. नऊ वाजले, दहा वाजले. प्रत्येक खाकी शर्ट मला आबांचा वाटायचा. बारा वाजता खिडकी बंद झाली.

घरी आले तर आबा पांघरूण घेऊन घोरत होते. भांडी कशी घासायची, पाय कसे टाकायचे, सगळं विसरले मी. हातातल्या वह्या धाडकन जमिनीवर टाकल्या. ते दचकून उठून बसले.

"तुम्ही आला नाहीत."

"आज कुटं?" आबा म्हणाले. "मी सकाळी आलो ती चौदाची शिफ्ट करून. पंधराची आज रातच्याला लागंल. ती झाली की येतो, सांगितलं हुतं की."

"अहो, पंधरा आज संपतेय!"

"पंधरा कशी संपंल? शिफ्ट सुटल्याबिगर?"

मी भिंतीकडे तोंड करून निजले ती रात्री जेवायलासुद्धा उठले नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात पोचले, तर आठच्या आधीच आबा खिडकीशी हजर होते. तासभर आधी सुटून आले होते, सहा वाजता. अंगावर कंपनीचेच कपडे, नखांत तेलाचा काळा मळ. क्लार्कनं मान वर न करता सांगितलं, "मुदत काल संपली. यादी कालच पुढे गेली."

आबांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि खिडकीतून आत सरकवला. लवकर सुटायचा गेटपास होता तो, त्याची कार्बनची प्रत. त्यावर कंपनीच्या टाइम ऑफिसवाल्यानं, म्हणजे कामगारांची हजेरी लिहिणाऱ्यानं, तारीख घातली होती पंधरा, आणि वेळ सकाळचे सहा. "हे बगा साहेब," आबा म्हणाले, "पंधराच हाय. सरकारी न्हाई, पन कंपनीचा शिक्का हाय." मग खिडकीत वाकून म्हणाले, "चूक माजी हाय. पोरीची न्हाई."

क्लार्कनं तो कागद शेजारच्याला दाखवला. दोघं हसले. मागे रांगेतल्या मुलीही हसल्या, त्यात ती पिंपरीला कारखानेच आहेत म्हणणारीही होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या हसणाऱ्यांना काही बोलायची हिंमत नव्हती माझ्यात. म्हणून मी आबांना म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तुम्हाला इथलं काही कळत नाही, तर आलात कशाला?"

आबांनी कागद परत घेतला, घडी केली, खिशात ठेवला. "जा," म्हणाले, "तुजा तास बुडंल." आणि पायऱ्या उतरून गेले. मी वर्गात गेले. फळ्यावर रेघ मारलेली होतीच.

कॉमर्स पुरं केलं. मार्कही बरे पडले. लागले ते चिंचवडच्या एका कंपनीत, टाइम ऑफिसात. पहिल्याच आठवड्यात सकाळी सहाला थर्ड शिफ्टचा एक माणूस खिडकीशी आला. त्याचं मूल आजारी होतं, तासभर आधी सोडा म्हणाला. मी गेटपासवर त्या दिवशीची तारीख घातली. आमच्या हेडक्लार्कनी ती लगेच खोडायला लावली. "अहो, कालची घाला. शिफ्ट कालची आहे. सात वाजल्याशिवाय आपल्याकडे तारीख बदलत नाही." मी कालची तारीख घातली आणि कागद त्या माणसाच्या हातात दिला. त्यानंतर त्या सकाळी माझं कामात काही लक्ष लागलं नाही.

आबा तेव्हा रिटायर झाले होते. संध्याकाळी दारात शेंगा फोडत बसले होते. आम्ही त्या गोष्टीबद्दल पुन्हा कधीच बोललो नव्हतो. मी चप्पलसुद्धा न काढता त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "आबा, त्या दिवशी पंधराच होती."

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे माझ्या तळहातावर ठेवले.

"माज्यासाठी हुती," ते म्हणाले. "तुज्यासाठी सोळा हुती."