सनईची पत्ती

पौष वद्य अष्टमी. ओट्यावर बसून मी सकाळपासून सनईची चौथी पत्ती खरवडत होते. ताडाचं पान भिजवायचं, दुमडून पितळी नळीवर दोऱ्याने आवळायचं, मग काचेच्या तुकड्याने टोक पातळ करायचं. वाजवणारा ओठांत धरतो ती ही पत्ती. आवाज गोड की चिरका, ते हिच्यावर. अमडापुरात आमच्या यांची सनई नावाजलेली. नागपूरहून कोणी साहेब आला तरी बोलावणं यांनाच. त्यांच्या सगळ्या पत्त्या वीस वर्षं मीच केल्या.

दसऱ्याच्या सुमारास यांचे पुढचे दात गेले आणि छातीत दम राहिना. सूर फाटू लागला. दोष त्यांनी पत्तीला दिला. जाड झाली म्हणाले, म्हणून पातळ केली; ती पिपाणीसारखी वाजली. मग तेल लाव, धुरावर धर. सगळं केलं. पत्तीत काही चूक नाही हे मला दिवाळीतच कळलं होतं. तरी नवी पत्ती करून देत राहिले.

दुपारी धाडहून एक पाटील आले, मुलीच्या लग्नासाठी सनई ठरवायला. आधी ऐकायची होती. यांनी सनई ओठांना लावली. पहिला सूर लागला, दुसऱ्याला वारा निसटला, तिसरा आलाच नाही. खोकला आला.

"तुह्या हातात आता काई राह्यलं नाई," हे पाहुण्यांसमोर मला म्हणाले.

"हाव, म्याच बिघडवली पत्ती. पान जुनं होतं."

पाटलांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. दोष पत्तीचा नाही, हे त्यांना समजलं होतं. "राहू द्या गुरवबुवा. खामगावचे बँडवाले कवाचे विचारून राह्यले," म्हणाले आणि चहा न घेता उठले.

यांना मात्र माझं बोलणं खरं वाटलं. संध्याकाळी पोटभर जेवले, नवं पान मिळालं की माघातली लग्नं हातची जात नाहीत म्हणाले. मी भांडी घासत ऐकत होते. त्यांची लाज राखायला गेले आणि भलतंच करून बसले. आता ते रोज नवी पत्ती मागणार, रोज फुंकून दमणार, आणि पुरे म्हणायला मला तोंड उरलं नव्हतं.

सकाळी ते उठायच्या आत मी शेजारणीबरोबर मजुरीने कापूस वेचायला गेले. गुरवाच्या घरची बाई वावरात काऊन, असं तिने विचारलं. मी पदराची ओटी बांधली आणि तिच्या शेजारची ओळ धरली.