मार्करचा हात

अंबरनाथला एका केमिकल कंपनीची जुनी कॉलनी आहे. तिथल्या क्लबाच्या व्हरांड्यात एक हिरवा लाकडी फळा टांगलेला होता. फळ्यावर एकाखाली एक चौदा खिळे, आणि प्रत्येक खिळ्यावर टेनिस खेळणाऱ्या एकेका मेंबरच्या नावाची पत्र्याची पाटी. पद्धत साधी. खालच्याने वरच्याला मॅचला बोलवायचं; जिंकला तर पाट्यांची अदलाबदल. चौदा माणसांची क्रमवारी ती, तिचं कौतुक ते किती! पण तिच्यावरून कॉलनीत माणसांनी सहा-सहा महिने अबोला धरलेला आहे.

सगळ्यात वरच्या खिळ्यावर एकोणीस वर्षं एकच पाटी होती, विष्णुपंत परचुरे यांची. कंपनीतले मोठे साहेब, आता रिटायर होऊन नऊ वर्षं झालेली. खालच्या पाट्या कितीदा बदलल्या. कुणाची बदली झाली, कुणी पोराकडे पुण्याला गेलं, दोघंजण तर वारले. वरची पाटी काही हलली नाही. जगातल्या पुरुष खेळाडूंची नवी क्रमवारी सोमवारी लागते, म्हणून विष्णुपंतांचाही हिशोब सोमवारचाच. मोबाइलवर जगाचा नंबर एक कोण ते बघायचं आणि हाक मारायची, "सुदाम, तिकडचा नंबर एकवर राहायचा विक्रम सव्वाचारशे आठवड्यांच्या थोडा वर. आपले किती झाले रे?"

मग सुदाम रोकडेने आपल्या हाताने फळ्याखालचा खडूचा आकडा पुसायचा आणि एक वाढवून लिहायचा. "नऊशे ब्याऐंशी, साहेब." साहेब खूश. दिवस बरा जायचा.

सुदाम हा क्लबाचा मार्कर. मार्कर म्हणजे पगारी माणूस. सकाळी लाल मातीच्या कोर्टावर पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या रेघा आखायच्या, नेट बांधायचं आणि ज्या मेंबरला जोडीदार नसेल त्याच्याशी खेळायचं. सतराव्या वर्षी जांभूळ गावाहून सायकल मारत आला, तो छप्पन्नाव्या वर्षीही सायकलनेच येत होता. खेळ त्याला जनू नावाच्या म्हाताऱ्या मार्करने शिकवला. आणि शिकवलं तरी काय? "बॉल असा दे की साहेबाला वाटलं पाहिजे आपण पळालो. पण दमला नाही पाहिजे. रोज हरायचं, पण थोडक्यात. मुद्दाम हरलास असं दिसता कामा नये." दोन वर्षं जनूने त्याच्याकडून हे घोटून घेतलं. जिंकायचं कसं, हे सुदाम आपलं आपण, भिंतीवर बॉल मारून शिकला. आणि असा शिकला की काय सांगू! उल्हासनगरहून एकदा कुणीतरी स्टेट खेळलेला सिंधी पोरगा पाहुणा म्हणून आला होता. साहेबलोक जेवायला गेलेले, त्या तासाभरात सुदामने त्याला असा पळवला की पोरगा कोर्टावर बसलाच. "अंकल, आप कहाँ खेलते हो?" म्हणाला. सुदाम काय सांगणार? म्हणाला, "इधरीच."

नोकराची पाटी मात्र फळ्यावर लागत नसे. नियम होता. आणि कॉलनीत कुजबूज असायचीच, खरा नंबर एक तर रोलर ओढतोय. ती विष्णुपंतांच्याही कानावर गेली होती. ते कधी बोलले नाहीत, पण एकोणीस वर्षं ते बोचत होतं त्यांना. सुदामला काय बोचत होतं ते कुणी विचारलं नाही. तोही कधी बोलला नाही. फक्त दर सोमवारी खडू ठेवताना सगळी नावं वरपासून खालपर्यंत एकदा वाचायचा, एवढंच.

मग कंपनीने क्लबाची जागा विकली. कोर्ट उखडून तिथे टॉवर उभा राहणार. क्लबाची सेक्रेटरी मीनल, कंपनीत नव्याने लागलेली, स्वभावाने चोख मुलगी. तिने ठरवलं की शेवटच्या रविवारी फळा जसा असेल तसा त्याचा फोटो काढायचा आणि फळा नव्या ऑफिसात कायमचा लावायचा. आणि तिनेच सुदामला बोलावून सांगितलं, "सुदामकाका, तो नियम मी काढून टाकलाय. वेळ कमी आहे, एकच मॅच होईल. फळ्यावरच्या कुणालाही बोलवा. जिंकलात तर त्याच्या जागी तुमची पाटी."

शहाण्या माणसाने चौदावा नंबर मागितला असता. तो चौदावा म्हणजे पोट सुटलेला अकाउंटवाला, त्याला सुदामने डाव्या हाताने हरवलं असतं. नाव तर लागलं असतं! पण नाही. एकोणचाळीस वर्षं गप्प बसलेला माणूस, त्या दिवशी त्याच्या तोंडातून निघून गेलं, "परचुरे साहेबांशी खेळतो."

रविवारी अख्खी कॉलनी कोर्टाभोवती जमली. सुदामची बायको रखमा चौदा एप्रिलला नेसते ती पांढरी साडी नेसून आली. बदलापूरला लॅबमध्ये नोकरी करणारी त्याची मुलगी पायल सुट्टी टाकून आली होती. तिने बापाला नवे बूट आणले होते. "पप्पा, आज कुणाचं ऐकायचं नाही. सोडायचं नाही त्यांना." सुदाम म्हणाला, "नाही सोडत." आणि खरंच सांगतो, त्याच्या मनात दुसरं काहीही नव्हतं. त्याला ती पाटी हवी होती. लहान पोराला हवी असते तशी हवी होती.

एकच सेट होता. सुदामने पहिली सर्व्हिस केली आणि लोकांच्या तोंडून "अरे बापरे" निघालं. बॉल विष्णुपंतांना दिसलाच नाही. इतक्या वर्षांत हा माणूस अशी सर्व्हिस करतो हे कुणी पाहिलंच नव्हतं! विष्णुपंतांची डावी बाजू कच्ची, डावा गुडघा दुखरा. हे सुदामइतकं कुणाला माहीत असणार? तिकडे बॉल जाऊ द्यायचा नाही हीच तर त्याची नोकरी होती. आज त्याने बॉल तिकडेच घातले. तीन-शून्य. पायल टाळ्या वाजवून वाजवून लाल झाली. रखमाने पदर तोंडाला लावला होता.

चौथ्या गेमला विष्णुपंत धापा टाकायला लागले. गुडघ्यावर हात ठेवून वाकले, पुन्हा उभे राहिले. आता सुदामला दया आली असं तुम्हाला वाटेल. अजिबात नाही. त्याने मनाशी म्हटलं, आता संपव. डावीकडे मार. आणि हाताने बॉल दिला उजवीकडे, कमरेच्या उंचीवर, साहेबांना आवडतो तसा. सुदाम दचकला. पुढच्या वेळी पुन्हा डावीकडे म्हणाला, पुन्हा बॉल उजवीकडे. साहेब दमलेले दिसले की हात आपोआप सैल पडत होता. सर्व्हिस जोरात टाकायला जावं तर खांदा निम्म्यातच थांबे. मनातल्या मनात त्याने हाताला आईबहिणीवरून शिव्या दिल्या. तीन-तीन झाले. चार-चार. मग विष्णुपंतांनी एक गेम काढला.

शेवटच्या गेममध्ये विष्णुपंतांचा एक बॉल आखूड पडला. सुदाम नेटपाशी पोचला. साहेब पार उजव्या कोपऱ्यात, डावीकडचं सगळं कोर्ट मोकळं. पायल ओरडली, "पप्पा, डावीकडे!" सुदामलाही दिसत होतं. त्याने मारला, आणि बॉल अलगद साहेबांच्या रॅकेटवर गेला. साहेबांनी तो सुदामच्या बाजूने पलीकडे काढला. सहा-चार. मॅच संपली.

विष्णुपंत नेटपाशी आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी सुदामचा हात दोन्ही हातांत धरला. "सुदाम, एकोणीस वर्षं मला वाटायचं, हा मला सोडतो. आपला नंबर खोटा. रात्र-रात्र झोप लागली नाही रे. पण आज तू जिंकायला खेळलास. त्या पहिल्या तीन गेममध्ये मी पाहिलं. खरं सांग, जिंकायलाच खेळलास ना?"

"होय, साहेब."

"म्हणजे माझा नंबर खरा?"

सुदामने त्यांच्याकडे पाहिलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, मातीने माखलेला, लहान पोरासारखा उत्तराची वाट बघत होता. "खरा, साहेब," सुदाम म्हणाला. मग फळ्याचा फोटो निघाला. मीनलने सगळ्यांना फळ्याशेजारी उभं केलं. सुदाम एका टोकाला उभा राहिला.

निघताना लोकांनी त्याची पाठ थोपटली. "सुदाम, मोठ्या मनाचा बुवा तू. म्हाताऱ्याची अब्रू राखलीस." अकाउंटवाला तर म्हणाला, "आम्हाला काय कळत नाही होय?" रखमालाही तसंच वाटलं. ती नणंदेला फोनवर सांगत पुढे चालत होती, आमचे हे मुद्दाम हरले, देवमाणूस आहे म्हणून. तिच्या आवाजात अभिमान होता.

पायल मागे राहिली. सुदाम सायकल हातात धरून चालत होता. जांभूळचा फाटा आला. मग मात्र तिला राहवलं नाही. "का केलंत असं? एकदा, पप्पा, एकदाच नाव लागलं असतं. साहेबांची एवढी कसली काळजी? आमची नाही आली मनात? मुद्दाम हरलात तुम्ही."

सुदाम थांबला. "आईला तसंच वाटू दे. गावातही तसंच सांग, मुद्दाम हरलो म्हणून."

"म्हणजे?"

"मुद्दाम हरायला आधी जिंकता यावं लागतं, पायल." त्याने सायकल कडेला घेतली. "मी नाही गं सोडलं त्यांना. शेवटच्या बॉलपर्यंत जिंकायलाच खेळत होतो. मला आलंच नाही."

आणि छप्पन्न वर्षांचा तो माणूस भर दुपारी रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, सायकलच्या सीटवर डोकं टेकून रडला.