इंद्रजीतशेठची न थांबणारी गाडी

“लोकल माणसानं हात लावलाय का?” पुण्याच्या गॅरेजवाल्यानं फोनवरून विचारलं. फोन स्पीकरवर होता, आणि लोकल माणूस समोरच उभा होता.

मल्लिनाथअण्णांचं वय एकसष्ट. वडील तिप्पण्णा अक्कलकोट रोड एमआयडीसीत माग दुरुस्त करायचे. मुलानं मागाऐवजी इंजिनं धरली. मागांच्या खडखडाटात वाढल्यामुळे अण्णांना कुठल्याही यंत्राचा चुकलेला ठोका जेवता जेवता कळायचा. पुण्याच्या प्रश्नानं मात्र त्यांचे कान लाल झाले.

गाडी होती टॉवेल कारखान्याच्या इंद्रजीतशेठची. हिरवी, विलायती, दोन सीटची, बिनछपराची स्पोर्ट्स कार, वय साठच्या आसपास. सोलापूरच्या उन्हात बिनछपराची गाडी घेणारा माणूस शौकीन तरी असतो किंवा नवखा तरी. शेठ दोन्ही होते. निर्यातीत नापास झालेली चादर पांघरून गाडी कारखान्यात झोपायची आणि महिन्यातून एकदा होटगी रोडला फिरून यायची. तिला अण्णांशिवाय कुणी हात लावत नाही, असा निदान अण्णांचा समज होता.

दसऱ्यानंतर तिनं नवीन खोड काढली. शेठ चावी काढून खिशात टाकत, खाली उतरत, आणि इंजिन चालूच. धडधड, उचक्या, भस्सकन धूर, मग कुठं गप्प. पहिल्यांदा पाहुणे हसले. दुसऱ्यांदा वैजयंतीबाईंनी, म्हणजे शेठच्या पत्नीनं, बंपरला लिंबू-मिरची बांधली. तिसऱ्यांदा शेठनी पुण्याला व्हिडिओ पाठवला. निदान लगेच आलं: इंजिन पूर्ण खोलावं लागेल.

“मनाला लावून घेऊ नका, अण्णा,” फोन ठेवून शेठ म्हणाले. “बाराला गाडी पुण्याला न्यायला ट्रेलर येतोय. वय झालं की हात जरा इकडंतिकडं होतो, चालायचंच.”

“हात?” अण्णांनी आपले दोन्ही हात पालथे करून पाहिले. “चाळीस वर्षं ह्या हातांनी आख्ख्या एमआयडीसीच्या गाड्या चालू केल्या, मालक. एक बंद होईना तर हात गेला व्हय? बाराला अजून दीड तास हाय की. बॉनेट उघडा.”

आधी त्यांनी प्लग काढले. काजळी होती, पण इंजिन खोलण्याइतकी नव्हती. मग इंजिन चालू करून ठिणगीची वेळ दाखवणारा टायमिंग लाइट लावला. ठिणगी पडायला हवी त्यापेक्षा बरीच उशिरा पडत होती.

“ह्ये मी ठेवलेलं न्हाय,” अण्णा म्हणाले. “उशिरा पेटलं की इंजिन तापतंय, मरगळतंय. मग कुणीतरी शहाण्यानं रेस वाढवलीय. चावी काढली की ठिणगी बंद होती, पण आत काजळीचा निखारा हाय आन् उघड्या रेसमधनं पेट्रोल येतंयच. सरपण घालत बसल्यावर चूल कशी विझंल?”

ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे ते वाकले. टायमिंग लावून झालं की त्यावर बायकोच्या लाल नेलपॉलिशची एक रेघ ओढायची, अर्धी डिस्ट्रिब्युटरवर, अर्धी खालच्या इंजिनावर, ही अण्णांची जुनी पद्धत. वरची अर्धी रेघ जागेवर होती. खालची गायब. तिच्या जुन्या जागेपासून बोटभर अंतरावर, वरच्या रेघेशी तंतोतंत जुळलेलं, कुंकवाचं एक सुकलेलं बोट होतं.

अण्णांनी त्याची कड नखानं खरवडून पाहिली.

“युवराज!”

शेठचा ड्रायव्हर युवराज खांबामागून निघाला. चाळिशीचा मिशीवाला माणूस.

“खंडेनवमीला इंजिन कुणी धुतलं?”

“मीच की. थिनर मारून चकाचक केलं. त्ये वरचं जरा सैल केलतं, खाली तेल बसलं व्हतं. मग वैनीसायबांनी पूजा केली. नंतर मी लाल रेघंला लाल रेघ जुळवून घट्ट केलं, अण्णा. तुमचीच खूण बघून!”

“माझी खूण थिनरनं गेली, युवराजा. तू गाडी कुंकवावर लावलीस. आन् रेस?”

“गाडी उभ्या उभ्या बंद पडायली, म्हणून जराशी...”

“जराशी!” अण्णा कडाडले. “आन् नाव कुणाचं गेलं? माझं! थेट पुण्यापातूर!”

शेठ लिंबू-मिरचीकडे पाहत होते. मागे उभ्या असलेल्या वैजयंतीबाईंना, सुदैवानं, घरी काहीतरी काम निघालं.

अण्णांनी डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग जागेवर आणलं, रेस उतरवली, आणि गाडी होटगी रोडला चांगली तापवून आणली. बाराला ट्रेलर फाटकात शिरला तेव्हा त्यांनी चावी फिरवली. इंजिन जागच्या जागी गप्प झालं. शेजारच्या कारखान्यातले माग तेवढे ऐकू येत राहिले.

ट्रेलरवाला रिकामाच परत गेला, शिव्या देत.

नेलपॉलिशची बाटली अण्णांनी खिशातून काढलीच नाही. छिन्नी काढली आणि दोन ठोक्यांत थेट धातूत रेघ कोरली. साठ वर्षं जपलेल्या लोखंडावर छिन्नी बघून शेठचा जीव वरखाली झाला. पण आजचा दिवस बोलायचा नव्हता, एवढं त्यांना कळलं.

“आता शेंदूर फासा, न्हायतर चुना,” अण्णा म्हणाले. “आन् पुण्याला फोन लावा. मगासारखा, स्पीकरवर.”

फोन लागला.

“सायेब, गाडी बंद व्हायली बघा,” अण्णा म्हणाले. “लोकल माणसानं हात लावलाय.”

तिकडून टायमिंग कितीवर ठेवलंत, अशी नम्र विचारणा झाली.

अण्णांनी ते सांगितलं नाही.