मशीन तापल्यावर

मी मशीन बघतो त्यातल्या एका वर्कशॉपच्या वेल्डरला सगळे मामा म्हणायचे. माझे मात्र ते सख्खे मामा, आईचे थोरले भाऊ. शाळेत दोनदा नापास झालो तेव्हा त्यांनीच मला विजेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडे कामाला चिकटवलं, म्हणून आज मी चार ठिकाणची मशीन बघणारा मेकॅनिक म्हणून मिरवतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी काय दिवे लावले ते नीट कळेल.

मामांच्या प्रत्येक सदऱ्यावर ठिणग्यांची भोकं. मामी म्हणायच्या, यांना सदरा कशाला शिवायचा, चाळणीच अडकवा गळ्यात. काम करताना मामा तोंडावरच्या काळ्या काचेतून बघायचे कमी आणि ऐकायचे जास्त. वेल्डिंगचा रॉड नीट जळत असला की कढईत तळण पडल्यासारखा एकसारखा आवाज येतो. तो जरा कुठे तुटला की दुसऱ्या कोपऱ्यात बसूनही त्यांना कळायचं. पाण्याच्या टाक्यांखालचे लोखंडी स्टँड हे तिथलं मुख्य काम, आणि मामांनी जोडलेला सांधा उघडला असं तीस वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं.

मग एका स्टँडचा सांधा चाचणीतच सुटला. पाठोपाठ दुसरा. मामा म्हणाले, वेल्डिंगचं मशीन दगा देतंय. मशीन होतंच जुनंपुराणं, मामांच्या बरोबरीने म्हातारं झालेलं. मालकांनी मला बोलावलं. मी सकाळी, काम सुरू व्हायच्या आत पोचलो. माझी तीच पद्धत, गडबड नको, शांतपणे मोजायचं. आत सहा डायोड असतात, करंटला एकाच दिशेने जाऊ देणारे. एकेक सुटा करून मीटरवर घेतला. सहाही ठणठणीत. पंखा, वायरी, जोड, सगळं जागच्या जागी.

मामा शेजारीच उभे होते. "सकाळी ते शहाण्यासारखंच वागतं," ते म्हणाले. "दुपारी तापलं की बघ. रॉड चिकटायला लागतो."

आणि मी हसलो. मीटर खोटं बोलत नाही मामा, म्हणालो. तेवढ्यावर गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मालक विचारत होते, चार माणसं ऐकत होती, आणि मामांनी गेल्याच महिन्यात वाढीव नंबरचा चष्मा आणलेला मला माहीत होता. शहाणपणा पाजळायला याहून चांगली संधी कुठली?

"मशीन ठीक आहे," मी सांगितलं. "मामांचाच हात गेलाय."

मालकांनी मामांना ग्राइंडरवर बसवलं, दुसऱ्याने जोडलेले सांधे घासून गुळगुळीत करायला. त्यांच्या जागी नवा वेल्डर आला. आईला कळलं तेव्हा तिने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मी उलट तिलाच शिकवत होतो, अगं, कामात नातं बघून चालत नाही. आता आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तीन आठवड्यांनी नव्या वेल्डरचाही सांधा सुटला. या वेळी बोलावणं आलं भर दुपारी. मशीन चार तास चाललेलं, झाकणाला हात लावला तर चटका बसला. बंद करून डायोड सुटे केले. चौथ्यावर मीटर काही दाखवीना. तारा उलट करून लावल्या, तरी नाही. तापला की तो आतल्या आत तुटत होता, करंट कमी पडत होता आणि सांधा कच्चा राहत होता. मी तिथेच बसून राहिलो. अर्ध्या तासाने गार झाल्यावर पुन्हा मोजला, तर आकडा हजर. त्या सकाळसारखाच.

एखादा भाग तापल्यावर बिघडत असेल तर तो तापलेला असतानाच तपासायचा, हे या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. मला तर मामांनी आयतं हातात दिलं होतं. लाजेने माझे कान गरम झाले.

मालकांनी येऊन विचारलं, काय निघालं. खरं सांगायलाच मी तोंड उघडलं होतं. बाहेर पडलं ते असं: "डायोड गेलाय. याच आठवड्यात गेला असणार."

पलीकडे ग्राइंडर थांबला होता. मामांनी ऐकलं. जरा वेळाने ग्राइंडर परत सुरू झाला.

मी नवा डायोड बसवला. पुढच्या महिन्यात नवा वेल्डर दुसरीकडे गेला आणि मालकांनी मामांना परत मशीनवर घेतलं. मला वाटलं, सुटलो. कुठला सुटतोय! परवा पंख्याच्या कामासाठी गेलो, तर मामा एकेक सांधा पुरा करत होते, वरची पपडी झाडत होते आणि दिसेल त्याला हाक मारत होते, जरा बघ रे, नीट बसलाय का. माल उचलणाऱ्या हमालाला विचारलं, टेंपोवाल्याला विचारलं. तेही मान डोलवून पुढे जात होते, रोजची सवय झाल्यासारखे. नुसत्या आवाजावरून सांधा ओळखणारा हा माणूस.

मग मात्र राहवेना. मालक होते, सगळे होते. त्यांच्यासमोर मी मोठ्याने सांगितलं की डायोड पहिल्यापासूनच खराब होता, मामा म्हणत होते तेच खरं होतं, मी गार मशीन तपासलं आणि नंतर अब्रू वाचवायला खोटं बोललो. मामांचा हात कधीच गेला नव्हता. माझी मान वर होत नव्हती, पण वाटलं, चला, झालं एकदाचं.

मामांनी तोंडावरची काच वर केली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"पोरगा गुणाचा आहे हो," ते मालकांना म्हणाले. "मामाला बरं वाटावं म्हणून सगळं स्वतःच्या अंगावर घेतोय."

मी पुन्हा सांगायला गेलो, आईची शप्पथ घेतली. ते ऐकूनच घेईनात. माझा दंड धरून त्यांनी मला नुकत्याच जोडलेल्या सांध्यापाशी वाकवलं.

"ते राहू दे," म्हणाले. "तुझे डोळे चांगले आहेत. हा बसलाय का, तेवढं सांग."